एकाच चरातल्या दोन वाटा

कन्नड तालुक्याला नेट देणाऱ्या केबलच्या रिंगच्या अंतिम नकाशावर माझी सही आहे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे आणि वाचणाऱ्याला असं वाटायला नको की ही बाई बाजूला उभी राहून बोट दाखवते आहे. बाजूला मी नव्हते. मधोमध होते.

माझं काम फायबरच्या केबलचं जाळं आखण्याचं. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमचं ऑफिस आहे, तिथं मी बरीच वर्षं हेच करते आहे. आई सिडकोतल्या शेजारणींना सांगते, "ती नेटचं काहीतरी करते." तेही खोटं नाही. केसाएवढी बारीक काच असते, तिच्यातून प्रकाश सोडायचा. पूर्वी एका काचेतून एकाच रंगाचा प्रकाश जायचा. आता एकाच वेळी कित्येक रंग सोडता येतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण प्रत्येक रंग आपापली माहिती घेऊन निघतो आणि शेजारच्याला धक्का न लावता पलीकडं पोचतो. किती रंग सोडायचे, किती अंतरावर प्रकाश मंदावेल, कुठल्या गावात त्याला पुन्हा जोर द्यायचा, हे सगळं आकडेमोड करून कागदावर मांडायचं. मला हे काम आवडतं. चांगला आराखडा जमला की स्वयंपाकात मीठ बरोबर पडल्यासारखं वाटतं, कुणाला कळत नाही पण सगळं नीट लागतं.

कन्नडला तेव्हा एकच जुनी लाइन होती आणि ती रडतखडत चालायची. तालुक्याची सगळी कार्यालयं, बँका, सरकारी दवाखाना, कॉलेजं, मोबाइलचे टॉवर, सगळ्यांचं ओझं तिच्यावर. आमच्याकडं काम आलं ते ही क्षमता कितीतरी पटींनी वाढवण्याचं. आराखडा माझ्याकडं आला.

अशा कामातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. एका काचेतून जितकी जास्त माहिती न्याल, तितकं ती काच तुटल्यावर जास्त बुडतं. पूर्वी पाच गोष्टी पाच वेगळ्या तारांवर असायच्या, एक तुटली तर चार चालायच्या. आता सगळं एकाच केबलमध्ये. म्हणून क्षमता वाढवायची तर वाट दुसरी पाहिजेच, आणि ती पहिलीपासून लांब पाहिजे. मी रिंग काढली, म्हणजे शहर आणि कन्नड यांना जोडणाऱ्या दोन वेगवेगळ्या वाटा. एक वाट शहरातून पडेगावहून वेरूळ, तिथून हमरस्त्यानं कन्नड. दुसरी वाट वाळूजकडून लासूर स्टेशन, तिथून देवगाव आणि मग कन्नड. पहिली साधारण बासष्ट किलोमीटर, दुसरी नव्वदच्या वर. एक तुटली तर प्रकाश आपोआप दुसरीकडून वळणार, कन्नडच्या माणसाला कळणारसुद्धा नाही.

पहिल्याच बैठकीत आमच्या विभागप्रमुखांनी विचारलं, "मॅडम, नव्वद किलोमीटरचा वळसा कशासाठी? केबल तर वर्षातून एखाद्या वेळी तुटते."

"त्याच एखाद्या वेळेसाठी, सर."

ते हसले आणि मंजूर झालं. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या वाटेची पाहणी मी स्वतः केली. बरोबर आमचे जोडणीवाले मामा होते. तुटलेल्या किंवा दोन तुकड्यांत आलेल्या केबलमधली काच न काच वितळवून एकमेकींना जोडायची, हे त्यांचं काम. पन्नाशी उलटलेली, डोक्याला उन्हाचा पंचा, आणि बोटं अशी की केसाएवढी काच चिमटीत धरली तर थरथरत नाही. त्यांचे वडील मेंढरं घेऊन याच भागात हिंडायचे, त्यामुळे मामांना रस्त्यापेक्षा रान जास्त ठाऊक. लासूर ते देवगाव आम्ही जीपमधून उतरून बराचसा भाग पायी पाहिला. कपाशीची काळी जमीन, एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या.

मामा एका भेगेत काठी घालून म्हणाले, "ताई, ह्या मातीत केबल वरवर टाकली तर दोन उन्हाळ्यांत उघडी पडंल. खाली मुरूम लागंस्तोवर खंदावं लागंल."

"पाच फूट लिहिलंय मी."

"लिहिलंय व्हय," मामा म्हणाले. "मग लिहिल्यावाणी व्हायला पायजे."

मी प्रत्येक ओढा, प्रत्येक पूल टिपून घेतला. कुठं चर खणायचा, कुठं पुलाच्या कडेनं लोखंडी नळीतून केबल न्यायची, कुठं खुणेचे दगड पुरायचे. आठवडाभर उन्हात फिरून तो आराखडा केला होता. मला त्याचा अभिमान होता, आणि आजही राग येतो तो त्या अभिमानामुळेच जास्त.

काम ठेकेदाराकडं गेलं. पावसाळ्यात थांबलं, दिवाळीनंतर पुन्हा सुरू झालं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पूर्ण झाल्याचे कागद आले. लासूर स्टेशनला यंत्रं बसवणं पुढच्या टप्प्यात होतं, त्यामुळे त्या बाजूला जाऊन बघायचं कुणाला कारण नव्हतं. मी दोनदा गाडी मागितली, दोन्ही वेळा गाडी दुसऱ्या कामावर होती. कागद मात्र चोख. फोटो होते, मोजणीच्या पट्ट्या होत्या, लांबीच्या चाचण्यांचे तक्ते होते. दुसरी वाट ब्याण्णव किलोमीटर. सगळं माझ्या आराखड्याबरहुकूम.

फक्त एक गोष्ट खटकली. नवी यंत्रं प्रकाशाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते दाखवतात. सेकंदाचा इतका लहान हिस्सा की माणसाला त्याचा काही उपयोग नाही, पण वाट लांब असेल तर आकडा मोठा यायला हवा. दोन्ही वाटांचे आकडे जवळजवळ सारखे होते. मी ते विभागप्रमुखांना दाखवले.

"यंत्र नवीन आहे, सेटिंग व्हायचं असेल," ते म्हणाले. "चाचणीचा तक्ता काय म्हणतो?"

"ब्याण्णव."

"मग झालं तर. शुक्रवारी कागद वर जायचे आहेत."

मी सही केली. मनात आलं होतं की स्वतः जाऊन मोजावं. मनात आलेलं मी मनातच ठेवलं. त्या आठवड्यात घरी पाहुणे होते, माझ्या टेबलावर आणखी दोन आराखडे पडले होते, असली कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितली आहेत. एकही पटलेलं नाही.

पुढं साताठ महिने सगळं सुरळीत चाललं. कन्नडला नेट जोरात येऊ लागलं. उद्घाटनाचा फोटो ऑफिसात लागला, त्यात विभागप्रमुख, ठेकेदार आणि मोठा हार होता. जुनी लाइन काढून टाकली, कारण आता तिची गरज नव्हती.

मग एका सकाळी साडेदहाच्या सुमाराला आमच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर कन्नडची वेरूळकडची वाट लाल झाली. मी चहाचा कप खाली ठेवलाही नाही. एक वाट तुटली तर दुसरी आहेच, त्याचसाठी तर ती काढली होती. पण त्याच क्षणी दुसरीही लाल झाली. दोन्हींची वेळ पडद्यावर लिहून आली होती, सेकंदाचासुद्धा फरक नव्हता.

लासूर आणि वेरूळ या दोन ठिकाणी एकाच क्षणी दोन अपघात होऊ शकत नाहीत. तिथं उभ्याउभ्या मला कळलं, दोन्ही केबल एकाच ठिकाणी होत्या. आठवले ते सारखे आलेले आकडे.

या वेळी गाडी लगेच मिळाली. वेरूळच्या पुढं, हमरस्त्यापासून थोडं आत, एका शेताच्या बांधालगत जेसीबी उभा होता. बाजूला खड्डा आणि खड्ड्याच्या तोंडाशी मामा उकिडवे बसलेले. ते माझ्या आधी पोचले होते. त्यांनी हातानं खाली दाखवलं. एकाच चरात दोन काळ्या केबल होत्या, एकमेकींना चिकटून, आणि दोन्ही एकाच फटक्यात तुटलेल्या. खोली पाहिली तर माझ्या गुडघ्याच्याही खाली. दीड फूट असेल.

"मामा, दुसरी कोणती आहे ही?"

"तीच, ताई. तुमची लासूरची."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

मामांनी पंच्यानं तोंड पुसलं. "वेरूळपाशी दोन्हीचे जोड म्याच मारले. लासूरची केबल हिकडं कशी, म्हणून ठेकेदाराच्या माणसाला इचारलं. तो म्हणला, वरून हुकूम बदललाय. मला वाटलं, तुम्हीच बदलला आसंल."

"मला का नाही विचारलं?"

"जोडणीवाल्याला कोण इचारतंय, ताई? आन् जोडणीवाला कुणाला इचारणार?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ते जसं आहे तसं सांगत होते, आणि मला ते तक्रारीपेक्षा जास्त लागलं. आराखडा बदलला असता तर मी मामांना सांगितलं असतं का? बहुधा नसतं सांगितलं. ऑफिसातून शेतापर्यंत माझे फक्त कागद जायचे.

जेसीबीशेजारी शेताचा मालक उभा होता. घरची जमीन, भाऊ शहरात नोकरीला, हा शेती बघतो. विहिरीपासून खालच्या तुकड्यापर्यंत पाइपलाइन नेण्यासाठी चर खणत होता. ग्रामपंचायतीची परवानगी खिशात होती, ती त्यानं मी न मागताच काढून दाखवली.

"मॅडम, खंदायच्या आधी मी पुरं बघितलं. वर तिकडं एक दगड हाय तुमचा, त्याच्यावर नंबर हाय. दोन बाऱ्या फोन लावला. हा नंबर अस्तित्वात नाही म्हणतोय. मग इचारायचं तरी कुणाला?"

मी त्या दगडापाशी चालत गेले आणि स्वतः नंबर लावला. अस्तित्वात नव्हता. दगडांवर कुठला नंबर घालायचा ते माझ्या आराखड्यात स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि दर दोनशे मीटरला एक दगड असंही लिहिलं होतं. पुढचा दगड शोधत मी बरीच लांब गेले. नव्हताच.

परत आले तेव्हा पोलिसांची गाडी आली होती. जेसीबी चालवणाऱ्या माणसाला त्यांनी मागच्या सीटवर बसवलं होतं. तिशीतला, उन्हानं रापलेला माणूस. त्यानं फक्त मालकानं आखलेल्या चुन्याच्या रेषेवर बकेट टाकली होती. आमच्या देखभालीच्या एजन्सीनं केबल तुटल्यावर अर्ध्या तासात तक्रार दिली होती, सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीची. एवढ्या तातडीनं आमच्याकडं दुसरं काहीही होत नाही.

मामा जोडणीला लागले. दोन्ही केबलींमधल्या सगळ्या काचा जोडायच्या म्हणजे दिवस जाणार. मी कन्नडला गेले, तिथल्या केंद्रातली यंत्रं बघायला. वाटेत एका गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली, कारण रस्त्यावर बायकांची रांग होती. रेशनचं दुकान. दुकानदार ओट्यावर बसून होता, पुढ्यात अंगठ्याचं मशीन. नेट नाही तर मशीन अंगठा ओळखत नाही, आणि अंगठा ओळखला नाही तर धान्य मिळत नाही.

मी खाली उतरले. रांगेत एक म्हातारी बाई होती, हातात दोन रिकाम्या पिशव्या. ती उजवा अंगठा पदरानं घासत होती, थांबत होती, बघत होती, पुन्हा घासत होती.

"आजी, काय झालं?"

"अंगठाच झिजलाय, बाई. निंदू निंदू रेघाच ऱ्हाईल्या न्हाईत. सून म्हणली व्हती, त्याल लावून जा. म्या इसरले."

"तुमच्या अंगठ्याचं काही नाही आजी. आमची केबल तुटली आहे."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिचं मन राखायला बोलते आहे असं तिला वाटलं असावं. "न्हाई, न्हाई," ती म्हणाली, "माझाच अंगठा. मागल्या बारीला बी दोनदा लावावा लागला व्हता." आणि पुन्हा अंगठा घासायला लागली.

तोपर्यंत मला राग आला होता तो कामाचा माणूस कामावर चिडतो तसा. त्या बाईला पाहिल्यावर तो वेगळा झाला. कुणीतरी नव्वद किलोमीटरचा चर न खणता खणल्याचं लिहिलं होतं, कुणीतरी त्यावर सही केली होती, आणि तिसरीच बाई उन्हात उभी राहून स्वतःच्या बोटाला दोष देत होती. ती सही माझी होती. मी तिथं आणखी समजावत बसले नाही. काय सांगणार होते?

संध्याकाळी चार वाजता मामांनी काचा जोडल्या, आणि पडदा हिरवा झाला. ऑफिसातून फोन आला, शाबास, परत या. मी परत गेले नाही. मामांना फोनवर म्हटलं, "मोजायचं यंत्र घेऊन कन्नडला या." आमच्याकडं एक यंत्र असतं, ते काचेत प्रकाशाचा ठोका सोडतं, तो पलीकडच्या टोकाला आपटून परत येतो आणि यंत्र वाटेची लांबी सांगतं. कन्नडच्या केंद्रात बसून आम्ही आधी पहिली वाट मोजली. बासष्ट. मग दुसरी. मामांनी काचेचं टोक पुसून लावलं, मी बटण दाबलं. बासष्ट.

"तीन डाव मोजा," मामा म्हणाले. "मागाहून कुणी म्हणायला नको, एकदाच मोजलं."

आम्ही तीनदा मोजलं. प्रत्येक वेळेचा कागद काढला आणि मामांनी प्रत्येकावर स्वतःचं नाव लिहून सही केली. मी सांगितलं नव्हतं. कंत्राटावरचा माणूस, उद्या कामावर येऊ नको म्हटलं तर त्याच्या बाजूनं बोलायला कुणी नाही. मी म्हटलं, "मामा, तुमची सही नसली तरी चालेल."

"चालंल," ते म्हणाले, "पर मोजलंय म्या बी."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात अहवालाचा मसुदा तयारच होता. जेसीबीनं परवानगीशिवाय खोदकाम केलं, त्यामुळे केबलचं नुकसान झालं, आमच्या पथकानं विक्रमी वेळात सेवा पूर्ववत केली. खाली सहीसाठी माझी जागा, कारण रिंग मी आखली होती. दुसरी वाट का चालली नाही याबद्दल एकच वाक्य होतं, "तांत्रिक कारणामुळे."

मी तो कागद विभागप्रमुखांच्या टेबलावर परत ठेवला आणि त्यावर मोजणीचे तीन कागद ठेवले.

त्यांनी ते पाहिले. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. आजही मी शपथेवर सांगू शकत नाही की त्यांना आधी ठाऊक होतं. पण नवल वाटलेल्या माणसाचा चेहरा मी ओळखते.

"मॅडम," ते शांतपणे म्हणाले, "हे आता उकरून काय मिळणार? सेवा चालू झाली आहे. तांत्रिक गोष्ट तांत्रिकच ठेवू."

"तांत्रिकच सांगते आहे, सर. ब्याण्णवच्या जागी बासष्ट."

"अंतिम नकाशावर सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग विचार करा."

मी विचार केला होता. आदल्या संध्याकाळी कन्नडहून येताना गाडीत दुसरं काही केलंच नव्हतं. मी म्हटलं, "अहवाल मीच लिहिते. माझी सही चुकली, हे पहिल्या ओळीत लिहिते. मग बाकीच्यांचं."

"आणि त्या जेसीबीवाल्याचं काय? केबल त्यानंच तोडली ना?"

"त्याचं काय चुकलं ते मला सांगा, मी लिहिते."

त्यांनी मोजणीचे कागद माझ्याकडं सरकवले. मग म्हणाले, "तुम्ही ना, मॅडम, कामात फार हुशार आहात. पण व्यवहार कळत नाही." हे वाक्य मला आयुष्यात अनेकांनी ऐकवलं आहे, आणि प्रत्येक वेळी ऐकवणाऱ्याला माझं गप्प राहणं हवं होतं.

अहवाल मी दोन पानी लिहिला. चर एकच. खोली दीड फूट. दगड नाहीत, आहे त्या दगडावरचा नंबर बंद. दुसऱ्या वाटेची लांबी तीनदा मोजली. ठेकेदाराचे चाचणीचे तक्ते आणि प्रत्यक्ष मोजणी जुळत नाही. अंतिम नकाशावर सही करताना मी दोन्ही वाटांच्या वेळेतला सारखेपणा पाहिला होता आणि पाठपुरावा केला नाही. एक प्रत विभागप्रमुखांना दिली, एक ज्या कार्यालयानं आमच्याकडून काम करून घेतलं होतं त्यांच्याकडं पाठवली. ही दुसरी प्रत पाठवायची मला परवानगी नव्हती.

तिसरी प्रत घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले. जेसीबीवाल्याला त्यांनी पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून सोडलं होतं, पण रोज हजेरी लावायला सांगितली होती आणि मशीन ठाण्याच्या आवारात उभं होतं. मी गेले तेव्हाही तो बाकावर होता, गुडघ्यांवर हात ठेवून. त्यानं मला ओळखलं आणि उठून उभा राहिला.

अधिकारी तरुण होते, वैतागलेले. "तक्रार तुमच्याकडूनच आली आहे, आणि तुम्हीच त्याच्या बाजूनं बोलता?"

"मी केबलच्या बाजूनं बोलते आहे, साहेब. केबल पाच फूट खाली असती तर त्याच्या बकेटला लागलीच नसती."

त्यांनी अहवाल वाचला. एक-दोन ठिकाणी विचारलं, मी सांगितलं. मग बाहेर बाकाकडं बघून म्हणाले, "तू विचारलं होतंस का रे कुणाला, खाली काय आहे म्हणून?"

"मालकानं फोन लावला व्हता, साहेब. माझ्यासमोर लावला."

"मग हे परवाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "लिहून कुणी घेतलं नाय."

माझा जबाब अधिकाऱ्यांनी स्वतः लिहून घेतला, तेवढं त्यांचं श्रेय. आठवडाभरानं मशीन सुटलं आणि पुढं तक्रारही मागं घेतली गेली. माफी कुणी मागितली नाही. त्या माणसाचे ते दिवस कुठल्या कागदावर नाहीत.

माझं काय झालं ते फारसं सांगण्यासारखं नाही. महिन्याभरात माझी बदली दस्तऐवज विभागात झाली. "तुमच्या काटेकोर स्वभावाला योग्य," असं पत्रात लिहिलं होतं. आता मी इतरांचे आराखडे फायलीत नीट लावते आणि जिथं खटकतं तिथं शेरा मारते. शेरा वाचायची कुणावर सक्ती नाही. ज्या कार्यालयाला मी प्रत पाठवली होती त्यांनी मात्र जोर लावला, दुसरी वाट स्वतः मोजायला माणूस पाठवला, आणि शेवटी पुढच्या उन्हाळ्यात लासूर-देवगावकडून खरंच चर खणला गेला. तोच ठेकेदार होता. त्यानं काही चुकीचं केल्याचं कुठल्या कागदावर ठरलंच नाही. "आराखड्याच्या अंमलबजावणीत त्रुटी" एवढंच ठरलं, आणि त्रुटीला चेहरा नसतो. विभागप्रमुख बढती होऊन दुसऱ्या शहरात गेले. निरोपाच्या जेवणाला मी गेले नाही.

मामांचं काम टिकलं. जोडणी त्यांच्यासारखी कुणाला येत नाही, हे एकच कारण. खोदकाम चालू होतं तेव्हा ते रोज लासूरच्या रस्त्यावर टेप घेऊन खोली मोजायचे. कुणी सांगितलं नव्हतं. ठेकेदाराची माणसं हसायची. मामा मोजायचे आणि मला फोनवर आकडा सांगायचे, मी माझ्या वहीत उतरवून घ्यायचे, जरी आता ते माझं काम नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या नातीच्या बारशाला कन्नडच्या बाजूला गेले होते. दुपारी परतताना मामाच माझ्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आले. रस्त्याच्या कडेला एका पडीक रानात मेंढरं बसवायची तयारी चालली होती. एक माणूस जाळी उलगडत होता, एकाच्या हातात खुंट्या आणि दगड. मामांनी हाक मारली. खुंट्यावाला वळला. तोच होता, जेसीबीवाला.

"मशीन सोडलं त्यानं," मामा मला हळू आवाजात म्हणाले. "भावाच्या मेंढरांमागं हिंडतो."

मी विचारलं, "का सोडलं हो? तुमच्यावरची तक्रार तर मागं घेतली."

"व्हय, घेतली," तो म्हणाला. "पर बकेट खाली टाकताना हात थांबायला लागला. मालक वरडायचे, लवकर कर म्हणून. लई बेजार झालो. मग म्हणलं, जाऊ द्या."

तो खाली बसला, खुंटी जमिनीला टेकवली आणि दगड उचलला. पण मारला नाही. माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "मॅडम, इथं खाली काय हाय का तुमचं?"

ती खुंटी हातभर लांब होती. जमिनीत ती तीन-चार बोटंसुद्धा जाणार नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "इथं काही नाही. ठोका."

त्यानं मान हलवली आणि बेतानं, हलक्या हातानं दगड मारायला सुरुवात केली. मामा त्याच्याशी पावसाचं, चाऱ्याचं बोलत राहिले. मी फाट्यावर जाऊन एसटीची वाट बघत उभी राहिले. शहरात पोचेपर्यंत माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं दोनदा विचारलं, बरं नाही का तुम्हाला. मी बरी होते. मला नुसता राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा ती माणसं त्या बसमध्ये नव्हती.